मेट्रोतून दिसते ती बाग

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२४ जानेवारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडून परत आल्यापासून तुझे तीन फोन झाले आणि तिन्हींत तू तेच म्हणालास, "आई, सुट्टी मिळाली नाही, तुम्हाला कुठं फिरवता आलं नाही." ते एकदा बंद कर. आम्ही काय रुसून आलेलो नाही. उलट तुझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर बेंगळुरूची ती मोठी लालबाग असताना तू चार वर्षांत एकदाही आत गेला नाहीस, याचंच मला नवल वाटलं. म्हणे मेट्रोतून रोज दिसते!

आम्ही लागोपाठ तीन दिवस गेलो. सकाळी सहाला फाटक उघडतं. बाबा माकडटोपीत, मी तुझ्या जर्किनमध्ये. पहिल्या दिवशी बाबांनी थेट तो खडक गाठला, गुडघा दुखत असताना. वर, बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाचा छोटा बुरूज आहे. खाली पाटीवर वाचलं, हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. आपल्या पन्हाळ्याचा काळा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे याच्यापुढं कालचं पोरच. बाबांना मात्र त्याचं काही नाही. वर उभं राहून ते मला शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर कशी मिळाली ते सांगत बसले. बाग नंतरची, हे मी मुद्दाम सांगितलं. १७६० मध्ये हैदरअलीनं ती लावायला घेतली आणि टिपूनं देशोदेशीची रोपं मागवून वाढवली. आता पसारा २४० एकरांचा आहे. तीन दिवसांत निम्मी तरी बघितली का, शंका आहे.

काचघर लांबूनच बघितलं. प्रजासत्ताक दिनाच्या फुलांच्या प्रदर्शनाची तयारी चालू होती, आत सोडत नव्हते. १८८९ मध्ये त्याची कोनशिला बसली, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर. बाहेर कुंड्यांची रांग लागली होती आणि माळी बायका डोक्यावर पाट्या घेऊन पळत होत्या. त्यातल्या एकीशी मी मराठीत आणि ती माझ्याशी कन्नडमध्ये बराच वेळ बोललो. तिचं एक वाक्य मला कळलं नाही, पण गुडघे तिचेही दुखतात एवढं समजलं.

मला खरं आवडलं ते क्रुम्बिगेल या माणसाचं काम. जर्मन माणूस, लंडनच्या क्यू बागेत शिकलेला. १८९३ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यात बागा सांभाळायला आला आणि तिथनं १९०८ मध्ये म्हैसूर सरकारनं त्याला बेंगळुरूला नेलं. शहरात झाडं लावताना त्यानं हिशोब असा घातला, की एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, रस्ता वर्षभर रिकामा दिसू नये. तुझ्या बिल्डिंगखालचं ते गुलाबी झाड नुकतं फुलायला लागलंय, त्याच्याखाली तू गाडी लावतोस आणि फुलं पडून काच खराब होते म्हणून चिडतोस. ते त्याच्या हातचं असेल असं नाही, पण आता चिडताना त्याची आठवण काढ.

बडोद्यावरून आठवलं. तिथला लक्ष्मी विलास राजवाडा मेजर मँटनं आखला, आणि आपला न्यू पॅलेस नि टाऊन हॉलही त्याचेच. टाऊन हॉल १८७६ मध्ये पुरा झाला. परवा सीपीआर रुग्णालयात बाबांचा गुडघा दाखवायला गेलो, तर नंबर यायला दोन तास. समोरच टाऊन हॉल. इतकी वर्षं तिथनं येजा केली. तुला लहानपणी तिथल्या म्युझियममधल्या तोफा दाखवल्या, पण झाडांकडं मान वर करून कधी बघितलं नव्हतं. केवढाले बुंधे रे! दोन-तीन झाडांची तर नावंसुद्धा मला येईनात, आणि मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. बाबा बाकावर बसून शेंगा खात होते आणि "लालबागेत एवढं ऊन नव्हतं" म्हणत होते. म्हणजे आता ते लालबागेचे झाले!

तुला फार काही सांगत नाही. रविवारी दहाला उठतोस, एक दिवस सहाला ऊठ आणि जा. एकटा जा, त्या मित्रांना नेलंस तर नाश्त्याच्या गाडीपाशीच थांबाल.

आणखी एक. तिकडं गांधी बझारमधून मी चाऊचाऊ ही फळभाजी आणली होती ना, तिला तिथं सीमे बदनेकायी म्हणतात, म्हणजे विलायती वांगं. क्रुम्बिगेलच्या आधी बाग सांभाळणाऱ्या कॅमेरॉन साहेबाच्या काळात लालबागेत बाहेरून आणून ज्या भाज्या रुजवल्या, त्यातली ही एक. भाजी तुला आवडली नव्हती, मला माहीत आहे. पिशवीत एक तळाला राहून गेलं, ते परवा हाताला लागलं तर त्याला टोकाला बोटभर कोंब आलेला. अख्खं फळच लावायचं असतं. गच्चीवर रंगाच्या जुन्या बादलीत लावलंय, वर दोरी बांधलीय. बाबा म्हणतात, एप्रिलच्या उन्हात जळून जाणार. मी शेजारच्या वहिनींकडून गोणपाट मागून ठेवलाय.

तुझी,
आई