रॉटरडॅमहून अविनाशला

रॉटरडॅम,
२२ सप्टेंबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

निघताना तू बजावलं होतंस, 'युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर बघायला चाललायस, आल्यावर नुसते फोटो दाखवू नकोस, नीट लिही.' म्हणून आज कुठेही न जाता लिहायला बसलोय.

अरे, बंदर शहरात नाहीच! जहाजं मोठी होत गेली तसं ते नदीच्या काठाने समुद्राकडे सरकत गेलं. आता शहरापासून समुद्रापर्यंत चाळीसेक किलोमीटर बंदरच बंदर. जमीन पुरेना तेव्हा समुद्रात रेती टाकून नवी जमीन केली. तिचं नाव मासव्लाक्ते. काल बोटीने तिथे गेलो. तिथल्या एका टर्मिनलवर धक्क्यावरच्या क्रेनमध्ये माणूस नसतो. ऑपरेटर ऑफिसात स्क्रीनसमोर बसून बॉक्स उचलतो. खाली कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांनाही ड्रायव्हर नाही, केबिनच नाही त्यांना. आपल्या आपण येतात, थांबतात, वळतात. मला तूच आठवलास. न्हावा-शेव्याच्या बंदरात शिफ्टभर क्रेनच्या केबिनमध्ये मान खाली घालून बसायचं, रात्री वहिनींनी शेक द्यायचा, ते तरी सुटेल असं वाटलं. आणि लगेच पोटात गोळा आला. तुझं यावर काय मत आहे ते मला मनापासून हवंय.

शहराचं मात्र तू विचारलंही नव्हतंस, आणि मला तेच जास्त सांगायचंय.

१४ मे १९४० ला दुपारी जर्मन विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले. शरणागतीची बोलणी चालू असतानाच. काही विमानं खालून इशाऱ्यासाठी सोडलेले लाल अग्निबाण बघून परत फिरली, बाकीच्यांनी टाकले ते टाकलेच. जेमतेम पंधरा मिनिटं. पण नंतर आग पसरली आणि जुनं शहर जवळजवळ सगळं जळालं. आठशेच्या वर माणसं गेली, ऐंशी हजारांच्या आसपास बेघर झाली. सेंट लॉरेन्सच्या चर्चच्या भिंती आणि मनोरा उभा राहिला. ते चर्च त्यांनी पुन्हा बांधून काढलं. बाकी जुनं तसंच्या तसं उभारायच्या फंदात पडलेच नाहीत. म्हणून आज इथे सगळी काच आणि काँक्रीट. पीट ब्लोम या वास्तुविशारदाची तिरकी पिवळी घरं, १९९६ चा पांढरा इरॅस्मस पूल, हे सगळं बघितलं. पुलावर संध्याकाळी फार छान वारा असतो.

पण मी अडकलो तो फुटपाथवर. चालताना पायाखाली एक गोल लाल दिवा दिसला, फरशीत बसवलेला, त्यात ज्वाळांचं चित्र. थोडं पुढे दुसरा, मग तिसरा. आग जिथे थांबली, त्या हद्दीवर सगळीकडे हे दिवे आहेत. ही रेघ सुमारे बारा किलोमीटरची. मी दुसऱ्या दिवशी तिच्यावरून पाय दुखेपर्यंत चाललो. एका बाजूला विटांची जुनी, उंच खिडक्यांची घरं. रस्ता ओलांडला की सगळं नवं. एका ठिकाणी दिव्यावर पानं साचली होती, मी वाकून बाजूला करत होतो. सायकलवरून चाललेले एक आजोबा थांबले. इंग्रजी मोजकंच होतं त्यांना. आधी त्यांनी जुन्या घराकडे हात केला आणि म्हणाले, "आई." मग पलीकडच्या काचेच्या इमारतीकडे हात करून म्हणाले, "आईची शाळा." एवढंच. मग खाली वाकले, उरलेलं एक पान उचललं आणि निघून गेले.

नदीजवळ झाडकिन या शिल्पकाराने त्या बॉम्बहल्ल्याच्या आठवणीत केलेला पुतळाही आहे, १९५३ चा. हात आभाळाकडे, आणि छाती-पोटाच्या जागी आरपार भोक. तिथे मी बराच वेळ बसलो, पण डोक्यात ते आजोबाच होते.

मंगळवारी रात्री मुंबईत उतरतोय. रविवारी उरणला येतो, तेव्हा क्रेनचं बोलू. काकूंना नमस्कार, चिऊला पापा.

तुझा,
प्रकाश