एडगरचं कार्ड

सिॲटल, 27 जानेवारी 2019

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

बाबा, ऑपरेशननंतरचे थेंब वेळेवर घालताय ना? परवा फोनवर "घालतो रे" म्हणालात, तो सूर माझ्या चांगला ओळखीचा आहे. म्हणून आज एका डोळ्यांच्या पेशंटची गोष्ट.

एडगर मार्टिनेझ. आमच्या इथल्या मरिनर्स या बेसबॉल संघाचा बॅटर, 1987 ते 2004, सगळी कारकीर्द एकाच संघात. त्याला तिरळेपणाचा त्रास, मधूनच एक डोळा भलतीकडे वळायचा. आणि चेंडू येणार ताशी नव्वद मैलांनी! हा पठ्ठ्या डोळ्यांचे व्यायाम करायचा. टेनिसच्या चेंडूंवर आकडे लिहायचे, ते मशीनमधून सोडायचे आणि येता येता आकडा वाचायचा. असं करून त्याने 1992 आणि 1995 मध्ये लीगमधली सर्वांत जास्त सरासरी काढली. तुम्हाला तर दिवसातून चार वेळा थेंबच घालायचे आहेत.

मंगळवारी त्याची हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड झाली. तिथे बेसबॉलचे पत्रकार मतं देतात, 75 टक्के लागतात आणि फार तर दहा वर्षं नाव मतदानात राहतं. एडगरचं हे दहावं, शेवटचं वर्ष. 2010 मध्ये 36 टक्के मिळाले होते, 2014 मध्ये ते 25 वर आले. अडचण एकच, तो बहुतेक कारकीर्दभर नुसती बॅटिंग करत होता, फील्डिंगला जायचाच नाही. नियमात तशी सोयच आहे तिथे. आपल्या वाड्यात ज्याची बॅट असायची तो असाच वागायचा, पण त्याला कुणी थोर म्हणत नसे. पत्रकारांचंही बहुधा तसंच झालं असणार. यंदा मात्र 85.4 टक्के!

इथे खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं मिळतात, पोरं ती जमवतात. माझ्याकडे त्याचं पहिलं कार्ड आहे, फ्लीअर कंपनीचं, 1988 चं. 2010 मध्ये एका गराज सेलमध्ये पाच डॉलरला कार्डांनी भरलेलं बुटांचं खोकं घेतलं, त्यात निघालं. एक कोपरा किंचित दुमडलेला. त्या वर्षीपासून दर जानेवारीत निकाल लागला की मी ते प्लास्टिकच्या पाकिटातून काढून बघतो. हिला हे वेड वाटतं. (ती चूक नाही.)

मंगळवारी ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, आता किती किंमत येईल? फारशी नाही. आणि इथे, आई, तुझा विषय निघतो.

जुनी कार्डं महाग का, तर पोरं मोठी झाली आणि त्यांच्या आयांनी खोकी कचऱ्यात टाकली. टॉप्स कंपनीने तर 1952 ची न खपलेली कार्डं पुढे समुद्रात बुडवली म्हणतात. त्याच वर्षीचं मिकी मँटल या जुन्या नामवंत खेळाडूचं एक कार्ड गेल्या वर्षी 28 लाख डॉलरच्या वर गेलं. जुनी कार्डं महाग जातात हे ऐकून ऐंशीच्या दशकातच सगळे शहाणे झाले होते. कंपन्यांनी ढिगाने छापली, लोकांनी जपून ठेवली, एकाही आईने टाकली नाहीत. म्हणून एडगर हॉल ऑफ फेममध्ये गेला तरी माझं कार्ड इथल्या एका साध्या जेवणापेक्षा स्वस्तच.

माझा काडेपेट्यांच्या छापांचा डालड्याचा डबा तू रद्दीत दिलास, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आठवतं? तिसऱ्या दिवशी तू शिरा केलास. बोलली मात्र काहीच नाहीस. आता वाटतं, जगात कुणाकडे तरी तसेच छाप असतील, त्यांची किंमत तू वाढवून ठेवलीस.

एडगर लहानपणी पोर्तो रिकोत आजी-आजोबांकडे वाढला. आई-बाप न्यूयॉर्कला परत जायला निघाले तेव्हा हा मागेच राहिला, आजोबांना मदत हवी म्हणून. हे वाचलं तेव्हा मी कार्ड परत पाकिटात घातलं आणि तुम्हाला फोन लावला. तुमच्याकडे पहाटेचे चार वाजले होते, म्हणून लगेच कट केला. तो मिस्ड कॉल माझाच.

दिवाळीत येतो. आई, माळ्यावर ती हिरवी ट्रंक अजून असेल, तर मी येईपर्यंत रद्दीवाल्याला वर चढू देऊ नकोस.

तुमचा,
बाळू