काकांच्या फियाटच्या नंबराबद्दल

प्रिय सुधीर,

तुझं पत्र आलं आणि फियाटचे फोटो आधी घरभर फिरून मग माझ्या हाती लागले. काकांनी गाडी जपली आहे, यात वादच नाही. पण शेवटी तू सहज लिहून गेलास, "विंटेज नंबर घेऊन टाकतो, म्हणजे कायमची कटकट मिटेल." ती एवढ्यावर मिटणार नाही रे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तुमची गाडी 1968 ची, त्यामुळे वयाचा प्रश्न नाही. खरी मेख पुढच्या अटीत आहे. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस म्हणजे खालचा सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. आणि तुझा मेकॅनिक म्हणे मारुतीचं इंजिन बसवून देतो! त्याला आजच्या आज थांबव. ते 1089 सीसीचं जुनं इंजिन चढावर कुरकुरेल, पेट्रोलही पिईल, पण एकदा ते भंगारात गेलं की विंटेजचा विषय संपला. बोअरिंग करून घे, कार्बोरेटर साफ करून घे, हवे तेवढे चोचले पुरव. बदलू मात्र नकोस.

आता वापराचं. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, भाड्याने तर नाहीच. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यायची. तू लिहितोस की दर रविवारी वहिनींना घेऊन त्यातून भटकायचं आहे. मग मला सांग, विंटेज नंबर लावून तू ते कसं करणार? काचेमागे ठेवायची असेल तर जरूर घे. चालवायची असेल तर माझं स्पष्ट मत, साधीच नोंदणी पुढे चालू ठेव आणि दर पाच वर्षांनी रिन्यूअल करत जा.

पैशांचा हिशोब मात्र विंटेजच्या बाजूने झुकतो, हे मान्य. साध्या नोंदणीत वीस वर्षांपुढच्या चारचाकीची रिन्यूअल फी 2025 पासून 10,000 रुपये झाली आहे, तीही पाचच वर्षांसाठी. पर्यावरण कर वेगळा. विंटेजला सुरुवातीला 20,000 भरायचे, नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढच्या वेळी 5,000 लागतात. म्हणजे पहिली दहा वर्षं सारखीच, फायदा त्यानंतर. आपल्या वयात तेवढा लांबचा विचार करायचा का, ते तू ठरव!

नंबर जाईल म्हणून तू घाबरला आहेस, ती भीती काढून टाक. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नवीन नोंदणी होते तिला राज्याची दोन अक्षरं, मग 'व्हीए', मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे, असा नंबर मिळतो. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत आली 1988 च्या कायद्यानंतर. काकांच्या पाटीवरची तीन अक्षरं त्याआधीची आहेत. माझ्या लँब्रेटावर अशीच पाटी आहे आणि सिग्नलला लोक स्कूटरपेक्षा तिच्याकडेच जास्त बघतात.

पण विंटेज असो वा साधी, कागद आधी सरळ करावे लागतील. आरसी बुक अजून काकांच्या नावावर आहे ना? मग वारस म्हणून फॉर्म 31 भरून गाडी नावावर करून घे. ते बुक हाताने लिहिलेलं, तेव्हा 'वाहन' या सरकारी नोंदणी यंत्रणेच्या संगणकात गाडी बहुधा सापडणारच नाही. आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागेल. त्यासाठी मूळ बुक लागतं, म्हणून ते कपाटातून काढून प्रत्येक पानाचा फोटो आत्ताच घेऊन ठेव. घडीवर ती पानं किती फाटतात, तुला माहीत आहे. त्यानंतर विंटेजसाठी परिवहन पोर्टलवर फॉर्म 20 भरायचा, सोबत विम्याची पॉलिसी आणि जुनी आरसी. राज्याची समिती गाडी तपासते आणि ठरवते.

आणखी एक काम आहे, त्याला घाई करू नकोस. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. बॉनेट उघड, नंबर ठोकलेली जागा शोध. त्यावर रंगाचे थर असतील. थिनरमध्ये बुडवलेल्या चिंधीने ते हळूहळू उतरव, पॉलिश पेपर अजिबात लावू नकोस. आकडा झिजला तर खाडाखोड केल्याचा संशय येतो. जागा कोरडी झाली की पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरव. आकडे पांढरे उमटतात. आरसी बुकातल्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघ. जुन्या कारकुनी अक्षरात 1 आणि 7 सारखेच दिसतात, आणि तिथेच नंतर अर्ज अडतो.

तो प्रिंट आणि आरसीच्या पहिल्या पानाचा फोटो मला पाठव, मी इथून ताडून बघतो. आणि मेकॅनिकला इंजिनाचं काय सांगितलंस, तेही कळव.

तुझा,
विलास