तुझ्या लॅपटॉपवर चालतं गं, पण सर्व्हरवर तू नसतेस

प्रिय मुग्धे,

किती महिन्यांनी तुझा मेसेज, तोही रात्री पावणेबाराला, आणि त्यात काय, तर "कमांड नॉट फाउंड"चा स्क्रीनशॉट! कशी आहेस, पोरगी काय म्हणते, काही नाही. आणि खाली तुझं वाक्य, "मी स्वतः सर्व्हरवर लॉगिन करून एसडीके मॅनेजर चालवला, मस्त चालतोय, जेंकिन्सलाच काय धाड भरलीये, तीनदा रीइन्स्टॉल केलं". म्हणजे अँड्रॉइडची टूल्स उतरवणारा एसडीके मॅनेजर तुला चालवता येतो, आणि सर्व्हरवर आपोआप बिल्ड करणाऱ्या जेंकिन्सला मात्र सापडत नाही. झोपेतसुद्धा हसू आलं मला. उत्तर टाइप करायला बसले तर ते लांबतच चाललं, म्हटलं पत्रच लिहू सरळ. रविवार आहे, चहा झालाय, घर शांत आहे. कमांडा सगळ्या मराठीतच लिहितेय, कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा, तुला काय त्या पाठच आहेत.

आधी एक कर, चौथ्यांदा रीइन्स्टॉल करू नकोस. टूल जागेवर आहे. ज्याला ते सापडत नाहीये तो कुणीतरी वेगळाच आहे.

बघ, तू लॉगिन करतेस तेव्हा शेल, म्हणजे कमांडा चालवणारा प्रोग्रॅम, तुझ्या सेटिंगच्या फाइली वाचतो, बॅशआरसी आणि प्रोफाइल, त्यात तू पाथ, म्हणजे कमांडा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, लिहून ठेवलायस, म्हणून तुला सगळं हाताशी मिळतं. आपल्या घरात अंधारात पण दिव्याचं बटण बरोबर सापडतं ना, तसं. जेंकिन्सचा जॉब चालवतो तो जेंकिन्स नावाचा युजर, त्याचं होम बहुतेक वेळा व्हार-लिब-जेंकिन्स, आणि तो टर्मिनल उघडून बसत नाही, थेट कमांड फेकतो. म्हणजे लॉगिन शेल नाही, इंटरॅक्टिव्ह पण नाही. उबुंटू लिनक्सवर तर गंमत अशी की बॅशआरसीच्या अगदी वरच्या ओळींतच लिहिलेलं असतं, समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत जा. त्यामुळे तू खाली हौसेने लिहिलेल्या एक्स्पोर्टच्या ओळींपर्यंत कुणी पोचतच नाही! मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा कपाळावर हात मारला होता, दोन वर्षं त्या फाइलमध्ये ओळी घालत होते.

हे तुझ्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एसएसएच करून, म्हणजे दुरून लॉगिन करून, आत जाऊन बसू नकोस, एसएसएचच्याच ओळीत पुढे अवतरणात कमांड दे, म्हणजे ती बाहेरूनच चालेल आणि उत्तर परत येईल. तुझ्याकडे पण तोच "नॉट फाउंड" येणार, पैज लाव. आणि मग पाथ, जावा होम, अँड्रॉइड होम हे सगळं जेंकिन्समध्येच नोडच्या, म्हणजे जॉब चालतो त्या मशीनच्या, सेटिंगमध्ये लिही, नाहीतर प्रोजेक्टमधल्या जेंकिन्सफाइलच्या एन्व्हायर्न्मेंट ब्लॉकमध्ये. मी दुसरं पसंत करते कारण ते कोडबरोबर गिटमध्ये राहतं, उद्या तू नोकरी सोडलीस तर मागच्याला कळतं तरी. नोडवर बदललंस तर एजंट, म्हणजे त्या मशीनवरचा जेंकिन्सचा प्रोग्रॅम, एकदा तोडून परत जोड, तो चालू झाला तेव्हाचंच वातावरण उराशी धरून बसलेला असतो. हे न कळल्यामुळे माझी एक अख्खी दुपार गेलीये, सेटिंग बरोबर आणि बिल्ड तरी लाल.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे मी का एवढी बोलतेय ते कळेल. मागच्या कंपनीत आम्ही ग्रॅडलचं, म्हणजे अ‍ॅप बिल्ड करणाऱ्या टूलचं, अँड्रॉइड प्लगइन ८ वर नेलं. त्याला जावा १७ लागतं, ७ ला ११ पुरायचं. लॅपटॉपवर सगळं छान. सर्व्हरवर एरर, "जावा १७ हवं, तुम्ही ११ वापरताय". ठीक आहे, १७ टाकलं, जावा होम बदललं, परत तोच एरर. जेंकिन्सच्या टूल्समध्ये बदललं, तोच. जॉबमध्येच जावाचं व्हर्जन छापून घेतलं, १७! ग्रॅडलला व्हर्जन विचारलं, ते पण म्हणे १७! आणि बिल्ड सुरू झाला की ११. आईशप्पथ सांगते, रात्री साडेनऊला मला वाटायला लागलं की मशीनमध्ये भूत आहे. शेवटी चिडून एरर पूर्ण वाचला, पहिली ओळ सोडून पुढचा सुद्धा, आणि त्यात बापड्याने स्वच्छ लिहिलं होतं की आत्ता वापरात असलेला जेडीके, म्हणजे जावाचा संच, कुठल्या फोल्डरात आहे, आणि उपाय काय काय करून बघा. पहिला आयडीईची, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरची, सेटिंग बदला, दुसरा जावा होम बदला, तिसरा ग्रॅडल प्रॉपर्टीजमधलं जावा होम बदला. मी दुसऱ्यापर्यंत वाचून उठले होते, सहा तास.

निघालं काय, तर जेंकिन्स युजरच्या होममध्ये डॉट ग्रॅडल फोल्डर, त्यात एक ग्रॅडल प्रॉपर्टीज फाइल, त्यात एकच ओळ, जावा होम म्हणजे ११चा रस्ता. आधीच्या कुणीतरी कधीतरी घालून ठेवलेली, तो माणूस केव्हाच सोडून गेलेला. आणि ग्रॅडलचा नियम असा की युजरच्या होममधली फाइल प्रोजेक्टमधल्या फाइलवर मात करते, आणि ही सेटिंग जावा होमवर. तेव्हाच्या ग्रॅडलला व्हर्जन विचारलं की सांगायचा तो नुसता दारावरचा छोटा जावा, मागे राहून खरं काम करणारा डीमन आत वेगळ्याच जावावर. ओळ पुसली, चार मिनिटांत हिरवं. मी कुणाला सांगितलंच नाही की एवढ्यासाठी थांबले होते, म्हटलं "काहीतरी कॅशचा प्रॉब्लेम होता".

यावरून आठवलं, तुला पुढे एक आकडा हमखास भेटेल, क्लास फाइलचं, म्हणजे कंपाइल झालेल्या जावा कोडचं, व्हर्जन ६१. आकड्यातून ४४ वजा कर, जावाचं व्हर्जन येतं. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. पण हा ६१ दोन उलट्या एररमध्ये येतो, तिथे लोक फसतात. "अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१" असं ग्रॅडल म्हणाला तर बहुतेक वेळा ग्रॅडलच म्हातारा आहे, १७वर चालायला त्याला किमान ७.३ लागतो, म्हणजे रॅपरचं, प्रोजेक्टसोबत येणाऱ्या ग्रॅडल उतरवून चालवणाऱ्या स्क्रिप्टचं, व्हर्जन वाढव. आणि "हे ६१ ने कंपाइल झालंय, मला ५५ पर्यंतच समजतं" असं आलं तर जावा म्हातारा आहे. आकडा एकच, औषध उलटं. आमच्याकडे एकाने पहिल्या एररवर जावा आणखी वर नेला होता, २१ वर. मग ६५ आला, दुसरं काय.

बरं, तुझा एसडीके मॅनेजर. पाथ नीट केलास की पुढचा एरर येईल, तयारीत रहा, "एसडीके रूट ठरवता येत नाही". तुझं काही चुकलेलं नाही. गूगलची झिप उघडली की सीएमडीलाइन-टूल्स नावाचं फोल्डर मिळतं आणि आपण ते तसंच एसडीकेमध्ये ठेवतो. त्याला हवं असतं सीएमडीलाइन-टूल्सच्या आत आणखी एक लेटेस्ट नावाचं फोल्डर, आणि बिन वगैरे सगळं त्या लेटेस्टमध्ये. असलं कसलं पॅकिंग देव जाणे, पण तसंच आहे. आणि जर तुला एक्सएमएल बाइंड, एक्सएमएल स्कीमा असलं काहीतरी दिसलं तर तो जुना, नुसत्या टूल्स फोल्डरातला एसडीके मॅनेजर चाललाय. तो जावा ८ च्या काळचा, त्याला लागणारी लायब्ररी ११ मध्ये काढून टाकली. त्याच्यासाठी जावा खाली आणू नकोस, फोल्डरच उडव.

लायसन्सचं पण सांगते. लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ विचारतो, आपण वाय दाबतो आणि विसरतो. सर्व्हरवर वाय दाबायला कुणी नाही. आपोआप वाय देणारा येसचा पाइप लावून लायसन्सेसची कमांड एकदा चालव, पण जेंकिन्स युजर म्हणून, सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, नको. सुडोने केलंस की फोल्डरची मालकी रूटकडे जाते, आणि मग ग्रॅडल नवीन बिल्ड टूल्स स्वतः उतरवायला गेला की त्याला लिहायचीच परवानगी नाही, आणि तू म्हणशील काल तर चालत होतं.

पण हे सगळं करायच्या आधी, खरं तर आत्ताच, एक छोटासा जॉब बनव. प्रोजेक्ट नको, काही नको. नुसतं छाप, मी कोण, मी कुठे, एन्व्ह, म्हणजे एन्व्हायर्न्मेंटची व्हेरिएबल, सगळं क्रमाने लावून, जावा कुठला, डिस्कवर जागा किती. तेच तुझ्या लॉगिनमधून छाप. दोन्ही शेजारी ठेवून फरक बघ. मला आत्तापर्यंत दहातल्या सात वेळा तरी तिथेच सापडलंय. फक्त तो लॉग सगळ्यांना दिसेल असा ठेवू नकोस, जेंकिन्स त्याच्याकडे नीट सोपवलेले पासवर्ड झाकतो पण कुणी नोडच्या सेटिंगमध्ये उघडं टोकन टाकलं असेल तर ते तसंच छापलं जातं. पाहून झालं की तो बिल्ड डिलीट कर.

एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना परत देते तो आकडा, बघायची सवय लाव, ते तुझ्याशी खोटं बोलत नाहीत. १२७ म्हणजे सापडलं नाही. १२६ म्हणजे सापडलं पण चालवता येत नाही, हे रॅपरच्या बाबतीत नेहमीचं. विंडोजवरून कुणी कमिट केला की एक्झिक्युटेबल बिट, म्हणजे फाइल चालवायची परवानगी, लागतच नाही, गिटमध्येच तो एकदा लावून टाक, प्रत्येक जॉबमध्ये सीएचमॉड लिहू नको. आणि विंडोजवाल्यांचा दुसरा प्रसाद म्हणजे ओळीच्या शेवटचा तो अदृश्य कॅरेज रिटर्न. त्याने काय होतं माहितीये, उबुंटूचं साधं शेल म्हणतं रॅपर "नॉट फाउंड", आणि तू यादी बघतेस तर फाइल समोर ढळढळीत! सापडत नसतो तो पहिल्या ओळीतला, स्क्रिप्ट चालवणारा इंटरप्रीटर, त्याच्या नावाला ते शेपूट चिकटलेलं असतं. गिट अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये रॅपरला एलएफ, म्हणजे लिनक्सचा ओळीचा शेवट, सक्तीचं कर.

१३७ आलं तर ते १२८ अधिक ९, म्हणजे कुणीतरी ठार मारलं, आणि तो कुणीतरी बहुतेक कर्नल, मेमरी संपली म्हणून. ग्रॅडल त्या वेळी नुसतं म्हणतो की डीमन अचानक गायब झाला. चार जीबीच्या मशीनवर एका वेळी दोन बिल्ड सोडले तर गायब होईल नाहीतर काय.

तू म्हणालीस नवीन ऑफिसात प्रॉक्सी आहे, इंटरनेट सगळं त्यातूनच. मग हे पण होणार, कमांडवरून फाइल उतरवणारा कर्ल चालेल आणि ग्रॅडल लटकून बसेल. एचटीटीपीएस प्रॉक्सी हा एन्व्ह व्हेरिएबल कर्ल वाचतो, जावा त्याला विचारत नाही. ग्रॅडल प्रॉपर्टीजमध्ये सिस्टिम प्रॉप लावून प्रॉक्सीचा होस्ट आणि पोर्ट वेगळा सांगावा लागतो. आणि "पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड" आलं तर समज की कंपनीचं स्वतःचं सर्टिफिकेट जावाच्या विश्वासू मंडळींत नाहीये, कीटूलने घाल, पासवर्ड बहुतेक अजून चेंजइटच असेल, नाव चेंज इट असून आजवर कुणी चेंज केल्याचं मी पाहिलं नाही.

डॉट ग्रॅडल फोल्डर, ज्यात उतरवलेल्या लायब्ररींचं कॅश असतं, ते मात्र लगेच पुसू नकोस, सगळे तेच आधी करतात. पुरावा जातो. आणि कधी कधी जुनं मशीन निव्वळ त्या कॅशच्या जिवावर उभं असतं. जेसेंटर ही लायब्ररी उतरवायची जागा एकदा बंद पडली तेव्हा आमच्याकडे जुन्या एजंटवर बिल्ड हिरवा आणि नव्या एजंटवर तोच बिल्ड लाल, कारण नुसतं कॅश. पुसायच्या ऐवजी नाव बदलून बाजूला ठेव.

आणि हा एक किस्सा फक्त आपल्यासारख्यांचा. आमच्या एका साध्या जावा मॉड्यूलच्या टेस्टमध्ये मी जिल्ह्यांची नावं देवनागरीत लिहिली होती. लॅपटॉपवर पास. सर्व्हरवर जावासीने, म्हणजे जावाच्या कंपायलरने, "अनमॅपेबल कॅरेक्टर" अशी ओरड सुरू केली, नुसत्या "पुणे" साठी बारा वेळा. चार कॅरेक्टर, प्रत्येकी तीन बाइट, प्रत्येक बाइटला एक शिवी! सर्व्हरचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, पॉझिक्स होतं, त्याच्या दृष्टीने जगात फक्त इंग्रजी अक्षरं, म्हणजे अ‍ॅस्की. जावा १८ पासून सगळ्या लिपी चालणारं यूटीएफ-८ डिफॉल्ट झालं, पण तू १७ वर आहेस, तेव्हा बिल्ड फाइलमध्ये एन्कोडिंग स्पष्ट लिही. टीमलीड म्हणाला होता नावं इंग्रजीत कर ना. मी केली नाहीत. पुणे पुणेच राहिलं.

तो छोटा जॉब उद्या सकाळीच चालव, आणि आउटपुट मला पाठव, टोकन बिकन खोडून. रात्री पावणेबाराला पाठवलास तरी चालेल, पण या वेळी आधी कशी आहेस ते लिही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? आणि दिवाळीत येतेस का नाही, ते सांग, मी सुट्टी टाकायची थांबलीये.

तुझीच,
अनू

ता. क. स्क्रीनशॉटमध्ये खाली अर्धवट दिसतंय, तू स्क्रिप्टमध्ये बॅशआरसी सोर्स केलंयस, म्हणजे ती फाइल आत वाचून घेतलीयस ना? ते पण फेल होणार. जेंकिन्स बिन-एसएचने चालवतो आणि उबुंटूवर ते बॅश नसून डॅश असतं, त्याला सोर्स हा शब्दच माहीत नाही. नुसता टिंब दे. पण टिंब दिलंस तरी बॅशआरसीच्या त्या वरच्या ओळीतून ते परतच येणार आहे, तेव्हा काढूनच टाक ती ओळ.