होल्डर आहे, सिगारेट कुठे आहे?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘ॲस्पेनचे बेबंद दिवस’ म्हणून अर्ध्या पानाचा फोटो छापून आला आहे. कोलोराडोच्या डोंगरातल्या त्या गावातला जुना बार, लाकडी काउंटर आणि १९७० च्या सुमाराचे कपडे घातलेली हसरी मंडळी. फोटो आजचा आहे, मुद्दाम रचून काढलेला आहे, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही.

रचलेल्या फोटोचे मला वावडे नाही. मुलाकडे कोलोराडोत राहायला येण्याआधी माझा सगळा जन्म स्टुडिओत लोकांना ‘मान जरा डावीकडे’ सांगण्यात गेला. पण रचायचा तर नीट रचावा! सगळ्या ग्लासांत बिअरचा फेस एकाच उंचीवर आहे, म्हणजे बटण दाबायच्या जरासे आधी ओतलेली. बुटांना चिखलाचा ठिपका नाही. त्या काळातला बार आणि टेबलावर एकही ॲशट्रे नाही. मधोमध टोपी-गॉगल घालून जो पत्रकार हंटर थॉम्पसन म्हणून उभा केला आहे, त्याच्या दातांत होल्डर आहे. होल्डरात सिगारेट नाही. कोलोराडोत २००६ पासून बारमध्ये धूम्रपानाला बंदी आहे, हे ठाऊक आहे. मग होल्डर तरी कशाला?

ॲस्पेनचा जुना बार म्हटला की १८८९ साली सुरू झालेल्या हॉटेल जेरोमचा जे-बार आठवतो. गाव चांदीच्या खाणींवर उभे राहिले आणि १८९३ ला चांदीचा भाव कोसळल्यावर ओसाड होत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कीइंग आले आणि मागोमाग शहरे सोडून आलेली तरुण मुले आली. दिवसा भांडी घासायची, स्कीच्या लिफ्टवर काम करायचे, जमेल तेव्हा बर्फावर आणि रात्री बारमध्ये. तुमच्या फोटोतल्या एकाचाही हात भांडी घासणाऱ्याचा वाटत नाही.

याच थॉम्पसनने १९७० मध्ये पिटकिन काउंटीच्या, म्हणजे ॲस्पेनच्या जिल्ह्याच्या, शेरीफपदाची निवडणूक लढवली (शेरीफ म्हणजे इथला निवडून येणारा पोलीसप्रमुख). जेरोम हा त्याच्या प्रचाराचा अड्डा होता. प्रतिस्पर्धी बारीक कापलेल्या केसांचा, म्हणून याने स्वतःचे डोके तासून घेतले आणि भाषणांत त्याला ‘माझे लांबकेसी प्रतिस्पर्धी’ म्हणू लागला. पोस्टरवर शेरीफच्या बिल्ल्यात दोन अंगठ्यांची लाल मूठ. म्हणजे नाटक त्या लोकांनाही येत होते, तुमच्या छायाचित्रकारापेक्षा कितीतरी चांगले येत होते. पण त्या नाटकामागे भांडण होते आणि ते जमिनीचे होते. डांबरी रस्ते उखडून तिथे हिरवळ लावायची, गावाचे नाव बदलून ‘फॅट सिटी’ ठेवायचे, म्हणजे ‘ॲस्पेन’ हे नाव विकून पैसे करणाऱ्या बिल्डरांची पंचाईत होईल, असा त्याचा जाहीरनामा होता. तो हरला. पुढे १९७२ ला त्याच गोटातली माणसे काउंटीच्या कारभारात निवडून आली आणि बांधकामावर कडक बंधने आली. डोंगर वाचले, हे खरेच. आज मात्र तिथली घरे अब्जाधीशांना परवडतात आणि हॉटेलांत राबणारे कितीतरी जण बसाल्ट, कार्बनडेल, ग्लेनवुड स्प्रिंग्ज या खालच्या गावांतून ८२ नंबरच्या रस्त्याने ये-जा करतात. (गावाने कामगारांसाठी राखीव घरे बांधली आहेत, पण ती सगळ्यांना पुरत नाहीत.)

हे सगळे गाळून नुसत्या झालरीच्या जाकिटांचा आणि टोप्यांचा सोहळा करायचा, म्हणजे ज्यांनी नाव विकू नका म्हणून आरडाओरडा केला त्यांचेच नाव विकायचे. थॉम्पसनने हे पाहून काय म्हटले असते ते तुमच्या वर्तमानपत्रात छापण्याजोगे नसते.

आणखी एक. फोटो १९७० च्या शरदातला म्हणून दाखवायचा असेल, तर त्या टोपीखालून केस बाहेर आलेले चालणार नाहीत.

पुढच्या अंकात ‘हे छायाचित्र रचून काढलेले आहे’ एवढी एक ओळ छापावी आणि जमल्यास ते कोणाच्या जाहिरातीसाठी काढले तेही सांगावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त छायाचित्रकार, डेन्व्हर