मात्रा विचारा, मग भांडा

महोदय,
अन्नसुरक्षेचा विषय निघाला की वाद लगेच ‘सरकार विकले गेले’ आणि ‘तुम्ही विकासविरोधी’ यांवर घसरतो. मात्रा किती, हे कोणी विचारतच नाही. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम गोड पदार्थाला ‘कदाचित कर्करोगकारक’ या 2बी गटात टाकले. त्याच वेळी खाद्य-मिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा दर किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम कायम ठेवली. प्रत्येक गटाने सोयीची बातमी उचलली. वास्तविक यात विसंगती नाही. संस्था पुरावा किती भक्कम ते तपासते, समिती किती खाल्ल्यावर धोका ते. 60 किलोच्या माणसाला ही मर्यादा 2,400 मिलिग्रॅम पडते. ‘डाएट’ शीतपेयाच्या एका कॅनमध्ये 200 ते 300 मिलिग्रॅम असते.

रसायनांवर रान उठवणारे जंतूंबाबत मात्र गप्प. शिजवलेले अन्न 5 ते 60 अंशांदरम्यान दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. खोल पातेल्यात मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याचे टणक, सुप्त रूप) शिजण्यातूनही वाचतात, त्या कोमट भागात रुजतात, आणि उलट्या घडवणारे त्यांचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून अन्न उथळ भांड्यांत पसरून लवकर फ्रिजमध्ये ठेवायचे.

राजकारण करायचेच तर तपासनीस किती, नमुने कोण निवडतो, अहवाल किती दिवसांनी येतो, यावर करा. ‘नापास नमुने’ या आकड्यात लेबलची चूक आणि घातक भेसळ एकत्र मोजली आहे का, हेही विचारा.

– एक वाचक