दूध तुटलेले बालक

ती. आई आणि ती. बाबा यांना,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

नगरहून परत येऊन तीन आठवडे झाले, तरी त्या रात्रीची कुटुंबप्रार्थना माझ्या मनातून जात नाही. बाबा, तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि म्हणालात, "आता अक्षरे लागत नाहीत, बेबी, तू वाच." मला कळू लागल्यापासून आपल्या घरात पवित्र शास्त्र तुम्हीच वाचत आलात आणि त्याचा अर्थही तुम्हीच सांगत आलात, ते पुस्तक माझ्या हाती देताना मात्र तुमच्या चेहऱ्यावर खंत नव्हती. मी स्तोत्र १३१ वाचले. त्यानंतर तुम्ही केलेली प्रार्थना जेमतेम तीन वाक्यांची होती: भाकरीसाठी आभार, रात्रीच्या झोपेसाठी विनंती आणि माझे नाव घेऊन माझ्यासाठी एक मागणे. मी डोळे मिटून बसले होते, पण मला रडू आवरत नव्हते, आणि त्याचे कारण तेव्हा सांगता आले नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे.

येथील चर्चच्या मंडळीत मी चार वर्षे, कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीची चिटणीस आहे, हे तुम्ही कौतुकाने सर्वांना सांगता. या काळात माझी प्रार्थना इतिवृत्तासारखी झाली आहे, हे मात्र मी तुम्हाला कधी सांगितले नाही. नाताळच्या कार्यक्रमात अध्यक्षस्थानी कोणी बसावे, यावरून गेल्या वर्षी कमिटीत वाद झाला. मी एका वडीलधाऱ्या सभासदाला दोन पानी पत्र लिहून निरुत्तर केले आणि त्या रात्री समाधानाने झोपले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता की, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण? तेव्हा येशूने एका बालकाला जवळ बोलावून त्यांच्यामध्ये उभे केले. हा पाठ मी मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत कितीतरी वेळा शिकवला असेल, आणि प्रत्येक वेळी मुलांच्या निरागसपणाविषयी बोलले. परंतु त्याच शुभवर्तमानात चार अध्याय मागे, पाच भाकरी आणि दोन मासे यांवर जेवलेल्यांची संख्या देताना स्त्रिया आणि मुले सोडून सुमारे पाच हजार पुरुष असे लिहिले आहे. ज्याची मोजदादही होत नसे, त्याला येशूने मधोमध उभे केले. बालकासारखे होणे म्हणजे गोड होणे नव्हे, तर मानाचा हिशेब सोडून रिकाम्या हातांनी उभे राहणे, हे मला इतक्या वर्षांनी, चाळिशी उलटल्यावर उमगले.

पण खरी गोष्ट स्तोत्र १३१ मध्ये आहे. यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गीतांपैकी ते एक, आणि सगळे मिळून तीनच ओव्यांचे. आपल्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींत मी पडत नाही, असे म्हणून स्तोत्रकर्ता आपल्या जिवाला आईजवळच्या बालकाची उपमा देतो. ते बालक दूध पिणारे नाही, दूध तुटलेले आहे. आई, माझे दूध तोडलेस त्या दिवसांची हकिकत तू किती वेळा सांगितली आहेस: तू कडुलिंबाचा पाला वाटून लावलास, मी तीन रात्री आक्रोश केला, आजीने तुला रागे भरले, आणि चौथ्या रात्री मी आपण होऊन तुझ्या मांडीवर येऊन, काहीही न मागता झोपले. दुधासाठी येणारे बाळ आणि केवळ आईसाठी येणारे बाळ यांत तीन रात्रींचे रडणे आहे. प्रौढपणी येणारा साधेपणा हा या दुसऱ्या बाळाचा आहे, असे मला आता वाटते. रडण्याच्या आधीच्या भाबडेपणात कोणालाही परत जाता येत नाही.

दादा गेला तेव्हा आपण सर्वांनी गुडघे टेकून जे मागितले होते, ते मिळाले नाही. त्या दिवसापासून मी देवाजवळ स्वतःसाठी काहीच मागितलेले नाही. मी त्याचे काम करू लागले, सभा घेऊ लागले, हिशेब चोख ठेवू लागले, आणि यालाच परिपक्वता समजले. तुम्ही दोघांनी मात्र त्याच घरात, त्याच खाटेशेजारी बसून दुसऱ्या दिवशीही प्रार्थना केली. तेव्हा मला तो भोळेपणा वाटला, आणि खरे सांगते, थोडा रागही आला होता. त्याबद्दल मला क्षमा करा.

बाबा, तुम्ही लगेच आठवण करून द्याल की पौलाने करिंथकरांना समजुतीने प्रौढच व्हायला सांगितले आहे, फक्त दुष्टपणाच्या बाबतीत तान्ही बाळे. ते मला मान्य आहे. कोलकात्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' ही पदवी दिली, त्या रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली, आणि ती सगळी विद्या केडगावच्या आपल्या मुक्तिसदन आश्रमातल्या अल्पशिक्षित बायकांनाही समजेल अशा मराठीसाठी खर्च केली. १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर ते काम करत राहिल्या. ज्ञान कमी केल्याने साधेपणा येत नाही, हे तुम्हीच मला केडगावला नेऊन सांगितले होते.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मी त्या सभासदांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा करायला लावला आणि दोन पानी पत्राचा विषयही काढला नाही. रात्री मी दिवा मालवून मोठ्याने प्रार्थना केली, "बापा, मला दादाची फार आठवण येते." त्यापुढे शब्द सुचले नाहीत, म्हणून तेवढ्यावरच थांबले, आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा काढून येत आहे. बाबा, वाचन मी करीन, प्रार्थना मात्र तुम्हीच करा. आई, तुझे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, तरी प्रार्थनेनंतर थोडा वेळ मला तुझ्या मांडीवर डोके ठेवू दे.

तुमची,
बेबी